हिस्लॉप साहेब आणि नाल्याचा पूर

विदर्भातल्या कोणालाही हिस्लॉप म्हटलं की नागपूरचं कॉलेज आठवतं. माझी मावशी तिथून बी.ए. झाली. पण हा हिस्लॉप कोण, हे तिलाही सांगता आलं नाही. इंग्रजांच्या काळातला कोणी लाटसाहेब असेल, असं म्हणून तिने विषय संपवला. मीसुद्धा थर्ड इयरपर्यंत तसंच समजत होतो. त्या वर्षी जुलैत एका नाल्याने आम्हाला अडवलं आणि त्या निमित्ताने हा माणूस मला कळला.

झालं असं की आम्ही चौघं दोन बाईकवर हेमलकसा बघून आलापल्लीकडे परत निघालो होतो. मस्त ऊन पडलेलं. एका ठिकाणी शॉर्टकट म्हणून आडवाट घेतली, तिथे नाल्यावर रपटा होता आणि त्यावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. गाडी घालणार तोच काठावर बैल घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या मामांनी हात आडवा केला. जाऊ नका पोट्टेहो, पाणी येऊन राहिलंय, एवढंच म्हणाले. वर आभाळात ढग नाही आणि यांना पूर कुठे दिसतो? आम्ही एकमेकांकडे बघून हसलोसुद्धा. मग त्यांनी बोटाने दाखवलं. पाणी मघापेक्षा गढूळ झालं होतं आणि काड्या, पालापाचोळा वाहून येत होता. तोंड वाकडं करून थांबलो. वीसेक मिनिटांनी रपटा दिसेनासा झाला. पुढचे पाच तास आम्ही मामांच्या बैलांकडे बघत बसलो आणि दुसऱ्या दिवशीचं सबमिशन गेलं ते गेलंच.

पाऊस नाही तर पूर आला कुठून? परत आल्यावर लायब्ररीत याचं उत्तर शोधताना स्टीफन हिस्लॉप भेटले. मध्य भारताच्या दगडांचा पहिल्या फळीतला अभ्यासक, आणि त्यांचा जीव अशाच एका नाल्याने घेतला होता.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. शिकले धर्मशास्त्र, झाले मिशनरी आणि १८४५ मध्ये नागपूरला आले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. ते खालसा झालं १८५४ मध्ये. हिस्लॉप मराठी शिकले, शाळा काढली. तिच्याच परंपरेतलं कॉलेज १८८३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी सुरू झालं. धर्मांतराच्या कामाबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे, माझंही फारसं अनुकूल नाही. पण प्रचारासाठी हा माणूस हिवाळ्यात गावोगाव फिरायचा आणि फिरताना खाली बघून चालायचा, यावर मी फिदा आहे. रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी होते, तेही याच वेडाचे.

१८५१ च्या सुमारास नागपूरजवळ टाकळीला या दोघांना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये मातीचा एक पातळ थर दिसला. त्यात गोगलगायींचे शंख होते. आता काळा दगड म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. लाव्ह्यात गोगलगाय कशी जगेल? पण उत्तर सोपं आहे. लाव्हा एकदा आला, थिजला आणि मग बराच काळ काहीच झालं नाही. त्या मधल्या काळात पाऊस पडला, खोलगट जागी तळी साचली, तळ्यात गाळ बसला, गोगलगायी झाल्या आणि मेल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने सगळं झाकून टाकलं. शंख गोड्या पाण्यातल्या जातीचे, म्हणजे तिथे समुद्र नव्हता, तळंच होतं, हेही त्यावरून ठरतं. अंगणात डबकं साचून त्यावर वर्षभराने मुरूम टाकावा, तसाच प्रकार. फक्त हे डबकं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. हिस्लॉप यांनी १८६० मध्ये या थरांवर जो लेख छापला, त्यात त्यांनी वय जरा अलीकडचं धरलं होतं. पण त्या काळी खडकाचं वय मोजायचं यंत्रच नव्हतं, त्यामुळे माफ.

आता आपल्या चंद्रपूरकडे या. वरोऱ्याच्या बाजूला मांगली गाव आहे. तिथल्या वालुकाश्मात एका प्राण्याची चपटी, रुंद कवटी सापडली. हिस्लॉप यांच्यामार्फत ती लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. डायनोसॉर हा शब्द १८४२ मध्ये काढणारे तेच ओवेन. त्यांनी तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. बेडकाच्या दूरच्या नात्यातला हा उभयचर, म्हणजे वरोऱ्याकडे तेव्हा बारमाही पाणी होतं. पुढे गोदावरी खोऱ्यात मालेरीजवळ फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशांचे दात मिळाले. ती जात १८५९ मध्ये हिस्लॉप यांच्या नावाने नोंदली गेली. आजही ऑस्ट्रेलियात आणि आफ्रिकेत असे मासे आहेत. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ते वर येऊन हवा घेतात. नागपूरच्या तळ्यात मिळालेल्या एका चिमुकल्या जीवाचं नावही हिस्लॉपिया आहे, १८५८ सालचं. एवढ्या गोष्टींना नाव मिळालेला माणूस आपल्याला फक्त कॉलेजच्या पाटीवर माहीत!

कामठीजवळ सिलेवाड्याच्या दगडात जिभेच्या आकाराची पानं मिळतात, ग्लॉसोप्टेरिसची. हिस्लॉप यांनी ती गोळा करून अभ्यासली. बल्लारपूर, घुग्गूसचा कोळसा याच झाडांच्या काळातला. दलदलीत पडलेली झाडं पाण्याखाली बुडाली, हवा न लागल्यामुळे कुजली नाहीत, वर गाळाचं ओझं चढत गेलं आणि कोळसा झाला. ऊर्जानगरची चिमणी धूर सोडते तेव्हा तो त्या जंगलाचा असतो. ही पानं आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेतही मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या सामानातही असे दगड होते. हे सगळे भूखंड तेव्हा एकत्र होते, म्हणून असं झालं. सिरोंचा तालुक्यात वडधमला दगड झालेली झाडं अजून बघता येतात.

थोडं विषयांतर करतो, पण राहवत नाही. हिस्लॉप यांच्यानंतर, १८७५ मध्ये फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाला चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला, पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ (आपल्या इरई धरणाजवळ नव्हे) चुनखडकावर समांतर ओरखडे दिसले. हिमनदी सरकताना तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर असे ओरखडे काढतात. म्हणजे मे महिन्यात ४७ च्या वर पारा जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात जवळपास तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ सरकत होता. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता. उन्हाळ्यात लाइट गेली की मी हे आठवतो, काही उपयोग होत नाही.

आता शेवटाकडे. १८६३ च्या सप्टेंबरात हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला बोरीकडे गेले होते, आज जिथे बुटीबोरीचं एमआयडीसी आहे तिकडे. सोबत मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल होते. टाकळघाटला जुनी दगडी वर्तुळं आहेत. मोठमोठे दगड गोल रचून त्यात माणसं पुरण्याची पद्धत होती, ती ही स्मारकं. ती बघायची, खणायची होती. ४ सप्टेंबरला हिस्लॉप घोड्यावरून एकटे परतत होते. वाटेतल्या नाल्याला पूर होता. त्यांनी घोडा घातला आणि बुडाले. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते.

दगडातला पाऊस ज्याला वाचता येत होता, त्याला समोरचं पाणी का कळलं नसेल? मला आधी हे विचित्र वाटलं. मग कागद घेऊन हिशोब केला.

पावसाळी ढग बऱ्याचदा पाच-दहा किलोमीटर रुंदीचाच असतो. तो वरच्या अंगाला पंधरा किलोमीटरवर कोसळला आणि पाणी सेकंदाला दोन मीटरने खाली निघालं, तर आपल्यापर्यंत यायला दोन तास लागतात. तोवर ढग विरलेला, ऊन पडलेलं. आपण आपल्या डोक्यावरचं आभाळ बघतो, नाला मात्र पूर्ण पाणलोटाचं पाणी आणतो. समजा पाणलोट ५० चौरस किलोमीटर आहे आणि ४० मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला निम्मा मुरला, निम्मा वाहिला. तरी दहा लाख घनमीटर पाणी झालं. ते पाच तासांत जायचं तर सेकंदाला सुमारे ५५ घनमीटर. वीस मीटर रुंदीच्या नाल्यात, त्याच वेगाने, पाणी जवळजवळ दीड मीटर चढतं. आणि ही सरासरी आहे, पुराचा माथा याहून उंच असतो.

आणि सप्टेंबर! टाकळघाटची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात, त्यामुळे पहिले पाऊस ती गटागटा पिते. नंतर तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत जायला वाटच राहत नाही. त्यामुळे जूनमध्ये ज्या पावसाने नाला ओला होतो, तेवढ्याच पावसाने सप्टेंबरात पूर येतो. ही काळी माती झाली त्याच बेसाल्टची, ज्याच्या थरांमध्ये हिस्लॉप यांनी गोगलगायी शोधल्या होत्या.

राहिला पाण्याचा जोर. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसाचं सुमारे ०.३ चौरस मीटर अंग प्रवाहासमोर येतं. वेग दोन मीटर असेल तर फ्लुइड मेकॅनिक्समधल्या ड्रॅगच्या सूत्राने (गुणांक १ धरून) ६०० न्यूटन, म्हणजे ६० किलोचा धक्का मिळतो. त्यात निम्मं शरीर पाण्यात असल्यामुळे पायावर येणारं वजन निम्म्याच्या आसपास घटलेलं, म्हणजे घर्षणही निम्मंच. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट. घोड्याचं गणित मोठ्या आकड्यांचं, पण निकाल तोच. जीपचंही तसंच. दीड मीटर रुंद, चार मीटर लांब गाडीच्या तळाच्या वर फूटभर पाणी चढलं, की आत पाणी शिरायच्या आधी जवळपास १८०० किलोची उचल लागते आणि चाकं जमीन सोडतात. भामरागडला पर्लकोटेवरून पाणी गेल्याच्या बातम्या आपण कितीतरी पावसाळ्यांत वाचल्यात. तिथे गाडी घालायला निघालेल्यांनी हे एकदा करून बघावं, परीक्षेला येण्याइतकं सोपं आहे.

मामांनी ना पाणलोट मोजला होता, ना सूत्र लावलं होतं. वरचा उतार धुतला गेला की माती आणि पाचोळा पुराच्या तोंडाशी येतो, एवढं त्यांना आयुष्यभर बघून माहीत होतं. अंधार पडत असेल आणि वाट अनोळखी असेल तर पाण्याचा रंग दिसायचा कसा? हिस्लॉप यांना त्या संध्याकाळी काय दिसलं, कोण जाणे.

त्यांच्या मागे कागदपत्रांचा ढीग राहिला. त्यात दगडांबरोबर इथल्या आदिवासींबद्दलच्या नोंदी होत्या, गोंडांची लिंगोची लांबलचक गाणीसुद्धा होती, गोंडीत टिपून घेतलेली. टेंपल यांनी त्या १८६६ मध्ये छापल्या. टाकळघाटचं खोदकाम मात्र अर्धवट राहिलं, ते नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये केलं. टाकळघाट आणि खापा इथल्या त्या कामातून लोखंड वापरणाऱ्या, अडीच हजार वर्षांहून जुन्या माणसांच्या वस्तू निघाल्या. आम्ही चौघांनी दिवाळीनंतर तिथे जायचं ठरवलंय. मावशी म्हणते, तीही येणार.