महामहोपाध्याय स्वामिनाथ अय्यर

प्राचीन तमिळ वाङ्मयाच्या पुनरुद्धारातील एक मोठा अध्याय एका पंडिताला न आलेल्या उत्तरातून सुरू झाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५५ रोजी कुंभकोणमजवळील एका खेड्यात झाला. त्याच वर्षी तंजावरचे दुसरे शिवाजी भोसले पुत्राविना निवर्तले आणि तेथील मराठ्यांची गादी संपुष्टात आली. स्वामिनाथांनी महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्यापाशी अध्ययन केले. १८७६ मध्ये गुरू निवर्तल्यावर तिरुवावडुतुरै येथील शैव मठाने त्यांना आश्रय दिला. पुराणे, स्थलमाहात्म्ये व प्रबंध यांत ते पारंगत झाले. १८८० साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात त्यांची तमिळचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली.

त्याच वर्षी तेथील मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार यांनी त्यांच्या अध्ययनाची विचारपूस केली. स्वामिनाथांनी सांगितलेल्या ग्रंथांनी मुदलियारांचे समाधान झाले नाही. तिरुत्तक्कदेवरांचे ‘जीवकचिंतामणि’ हे जैन महाकाव्य वाचले आहे काय, अशी त्यांनी पृच्छा केली. स्वामिनाथांनी ते पाहिलेही नव्हते.

ग्रंथ हाती आल्यावर खरी अडचण उभी राहिली. शब्द कळत, पण त्यांमागील धर्मकल्पना उमगत नसत. तेव्हा शैव मठात घडलेला हा ब्राह्मण अध्यापक गावातील जैन गृहस्थांच्या दारी जिज्ञासू म्हणून गेला. त्यांच्यात हा ग्रंथ अद्याप वाचला जात होता. गावोगावच्या ताडपत्रीय पोथ्या मिळवून, पाठ ताडून त्यांनी १८८७ साली तो नच्चिनार्क्किनियरांच्या टीकेसह प्रसिद्ध केला. पुढे ‘पत्तुप्पाट्टु’ (१८८९), ‘शिलप्पधिकारम’ (१८९२), ‘पुरनानूरु’ (१८९४) आणि ‘मणिमेखलै’ (१८९८) यांच्या आवृत्त्या निघाल्या. ‘मणिमेखलै’साठी त्यांनी बौद्ध मताचाही अभ्यास केला. योगायोग असा की, राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंडही १८९८ सालचाच.

१९०३ मध्ये ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. १९०६ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. २८ एप्रिल १९४२ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांचे आत्मचरित्र अपुरेच राहिले होते.

सी. वै. दामोदरम पिळ्ळै यांच्यासारखे समकालीनही या कार्यात होते. स्वामिनाथांचे वैशिष्ट्य हे की, परंपरेने त्यांना जे शिकविले नव्हते, तेही त्यांनी परंपरेचाच भाग मानले. शैव, जैन व बौद्ध हे तिन्ही प्रवाह एकाच वाङ्मयाच्या इतिहासात एकत्र दिसू लागले, त्याचे पुष्कळसे श्रेय कुंभकोणममधील त्या २३ वर्षांना द्यावे लागते.