नोटेवरची बाई

माझ्या टेबलाच्या खणात इंग्लंडची पाच पौंडांची एक जुनी नोट आहे. भाचीनं लंडनहून येताना आठवण म्हणून आणलेली. बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला नोट हातात आली की आधी ती उजेडात धरायची खोड असते. तशी मीही धरली. एका बाजूला राणी. दुसऱ्या बाजूला साधी टोपी घातलेली एक प्रौढ बाई, आणि शेजारच्या चित्रात तीच बाई तुरुंगात कैद्यांना वाचून दाखवते आहे. हिचं नाव एलिझाबेथ फ्राय. बँक ऑफ इंग्लंडनं २००२ साली तिला नोटेवर घेतलं, ते तुरुंगांतल्या तिच्या कामासाठी. पण तिच्या नवऱ्याची बँक १८२८ साली बुडाली होती, हे मला पुढं एका पुस्तकात कळलं. दिवाळं निघालेल्या पेढीच्या घरातली बाई देशाच्या चलनी नोटेवर! तेव्हापासून ती नोट खणात आहे आणि ती बाई डोक्यात.

तिचा जन्म २१ मे १७८० चा, नॉर्विचचा. माहेर गर्नी यांचं. वडील लोकरीचे व्यापारी आणि घरच्या बँकेचे भागीदार. आई बार्कले घराण्यातली, म्हणजे आजही ज्या नावाची बँक जगभर आहे त्याच घराण्यातली. ही सगळी मंडळी क्वेकर पंथाची. हे ख्रिस्ती लोक स्वतःला नुसतं ‘मित्र’ म्हणवतात. यांच्या उपासनेत पाद्री नाही, वेदी नाही. सगळ्यांनी एका दालनात गप्प बसायचं आणि आतून प्रेरणा झाली तरच उठून बोलायचं. कोर्टात ते शपथ घेत नसत, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असा अर्थ होतो. दुकानात भाव एकच. लहान पोर आलं तरी तोच. विद्यापीठांची आणि सरकारी हुद्द्यांची दारं त्या काळी त्यांना बंद होती, म्हणून ते व्यापारात शिरले, आणि एकच भाव सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक आपणहून येऊ लागलं. कॅडबरी, राउंट्री, लॉइड हे सगळे याच पंथातले. हा पंथ सचोटी म्हणजे भक्तीचाच एक भाग मानत असे. पण तीच सचोटी दुकानाचं भांडवलही झाली. ही गाठ पुढं फार दुखणार होती.

लहानपणी एलिझाबेथ काही विरक्त नव्हती. १७९८ साली अमेरिकेहून आलेल्या विल्यम सॅव्हरी या उपदेशकाचं प्रवचन ऐकायला ती गेली ती लाल नाड्यांचे जांभळे बूट घालून. परतताना रडत होती. हळूहळू रंगीत कपडे सुटले, साधी टोपी आली. १८०० साली जोसेफ फ्रायशी लग्न झालं. सासरी चहाचा व्यापार आणि खाजगी बँक. चॉकलेटवाले फ्राय यांचेच भाऊबंद. जोसेफ प्रेमळ, आतिथ्यशील, संगीताचा शौकीन. हिशेबाच्या वहीत मात्र जीव रमणारा नव्हे. अकरा मुलं झाली. लंडनबाहेर प्लाशेट इथं मोठं घर होतं. तिथं ती गावातल्या मुलांना देवी टोचायची, मुलींची शाळा चालवायची, गरिबांना सूप पुरवायची.

न्यूगेट तुरुंगाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १८१३ च्या थंडीत ती तिथं पहिल्यांदा गेली. शिक्षा झालेल्या आणि न झालेल्या बायका आपल्या लेकरांसह एकत्र कोंबलेल्या, नागड्या फरशीवर. तिनं बाळांसाठी गरम कपडे नेले. पुढं १८१७ साली तिनं बायकांची एक मंडळी स्थापली, तुरुंगात शाळा काढली, शिवणकाम सुरू केलं. नियम बायकांपुढं मांडून त्यांनी हात वर केल्यावरच ते लागू करायचे, ही तिची पद्धत. १८१८ साली संसदेच्या समितीनं तिची साक्ष घेतली. सगळ्या युरोपभर तिचं नाव झालं.

आता बँकेकडे येतो. हा भाग चरित्रकार भराभर उरकतात. मला तो तसा उरकवत नाही.

इंग्लंडात खाजगी बँकेला कायद्यानं सहाच्या वर भागीदार ठेवता येत नसत, आणि मर्यादित जबाबदारी नावाची चीज नव्हती. बँक बुडाली की भागीदाराच्या घरातल्या खुर्च्यांपर्यंत सगळं देणेकऱ्याचं. फ्राय यांची बँक १८१२ सालीच डळमळली होती. तेव्हा एलिझाबेथच्या माहेरच्यांनी वह्या तपासल्या, पैसा घातला आणि ती सावरली. मग १८२५ चं संकट आलं. दक्षिण अमेरिकेच्या कर्जरोख्यांवर लोक वेडे झाले होते; पोयाइस नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या देशाचे रोखेसुद्धा लंडनमध्ये खपले होते. (आपल्याकडच्या साग-लागवडीच्या योजना आठवल्या तर इंग्रजांना हसायचं कारण नाही.) त्या हिवाळ्यात सत्तरच्या आसपास बँका कोसळल्या. फ्राय तग धरून राहिले, पण आतून पोखरलेले. नोव्हेंबर १८२८ मध्ये बँकेनं पैसे देणं थांबवलं. माहेरचे गर्नी तेव्हा लंडनच्या पैशाच्या बाजारातले बडे लोक. त्यांनी वह्या पाहिल्या आणि या वेळी बँक वाचवली नाही.

आपल्याकडे असं म्हणतात, की सावकार देणं देऊ शकला नाही की पेढीवर भरदिवसा दिवा लावून ठेवायचा, म्हणून ‘दिवाळं’. क्वेकरांचा दिवा याहून कडक होता. दरसाल हिशेब तपासा, ऐपतीबाहेर धंदा वाढवू नका, असा सभेचा आदेश असे. कुणी अडचणीत दिसला तर सभेची माणसं घरी जाऊन चौकशी करत. दिवाळं निघालेल्या माणसाचं नाव सभेतून काढून टाकत. कायद्यानं मोकळा झालास तरी पुढं मिळवशील तेव्हा जुने देणेकरी फेड, ही अपेक्षा वेगळीच.

हे निर्दय वाटतं. मलाही आधी वाटलं. पण काउंटरच्या आत तीस वर्षं काढल्यावर मी त्या ठेवीदाराचा विचार करतो, ज्यानं ताळेबंद न वाचता, साधी टोपी आणि साधं बोलणं पाहून पैसे ठेवले. त्याला विश्वास बँकेचा नव्हता, पंथाचा होता. आणि त्या पंथाचा लंडनमधला सगळ्यांत ओळखीचा चेहरा कुणाचा होता? नवऱ्याचा धंदा, मला काय ठाऊक, असं म्हणायची सोय तिला खरं तर होती. विवाहितेला त्या काळी मालमत्तेचा हक्कच नव्हता. लोक तर याच्याही पुढं गेले. बँकेचा पैसा हिनंच कैद्यांवर उधळला, अशी कुजबुज उठली. ती खरी नव्हती. पण एवढं मोठं घर, एवढा दानधर्म कशावर चालला आहे, हे तिनं वेळीच विचारायला हवं होतं, असं मला वाटतं. १८१२ ची सूचना तिला मिळाली होती.

पेढी बुडाल्यानंतरचा पहिला रविवार. एकदा माझ्या शाखेच्या गावात एक पतसंस्था बुडाली, तेव्हा तिच्या संचालकांच्या घरच्या बायकांनी देवळात जाणं बंद केलं होतं. ओटीवर बसलेल्या ठेवीदार बायकांच्या समोरून जायचं कसं? एलिझाबेथ त्या रविवारी सभेला गेली. तिथं बसलेल्यांत घरचे नातलग होते, धंद्यातले लोक होते. ती नेहमीच्या जागी बसली आणि सगळ्यांदेखत रडली. पंथाच्या रीतीप्रमाणे बराच वेळ शांतता. मग ती उठली आणि कापऱ्या आवाजात, सगळं हिरावलं तरी देवावरचा भरवसा न सोडणाऱ्या ईयोबाच्या श्रद्धेबद्दल बोलली. बँकेचं समर्थन केलं नाही.

१८२९ मध्ये जोसेफचं नाव सभेतून काढलं गेलं. तिचं राहिलं. म्हणजे ज्या पंथाची ती उपदेशिका, त्यातूनच नवरा बाहेर. आणि ती दोघं एका घरात. चहाचा धंदा मेहुण्यांनी चालवायला घेतला आणि जोसेफला त्यातच पगारी नोकर केलं. प्लाशेट सुटलं, नोकरचाकर गेले. अप्टन लेनवर, भाऊ सॅम्युअलच्या आवाराला लागून असलेल्या लहान घरात बिऱ्हाड आलं. मुलांना सभेचा हा न्याय पचला नाही. बहुतेक जण पुढं पंथाबाहेर गेले. तुरुंगात जायचं तोंड आता राहिलं का, असा प्रश्न तिला पडला. तेव्हा गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या विल्बरफोर्सनं पत्र पाठवून काम सोडू नकोस असं कळवलं.

ती परत गेली. आता हातात देणग्यांचा पैसा नव्हता, त्यामुळे मागून आणावा लागे. कधी भावांकडून, पुढं १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीकडूनही पन्नास पौंड आले. काळ्या पाण्यावर जाणाऱ्या बायकांना तिची मंडळी सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे देत असे. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजातून टास्मानियाला निघालेल्या बायकांनी वाटेत शिवलेली गोधडी आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. १८४२ मध्ये प्रशियाचा राजा लंडनला आला, तिच्याबरोबर न्यूगेट पाहिलं आणि जेवायला त्या अप्टन लेनच्या घरी आला. यजमान म्हणून दिवाळखोर जोसेफच उभा असणार.

१२ ऑक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेट इथं ती वारली. बार्किंगच्या क्वेकर दफनभूमीत तिला पुरलं.

सॅम्युअल गर्नीची ओव्हरेंड-गर्नी ही पेढी, जिच्यापुढं फ्राय यांची बँक म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, तीही त्याच्यामागं दहा वर्षांत, मे १८६६ मध्ये कोसळली. देणं होतं एक कोटी दहा लाख पौंडांचं. कापसाचा फुगा फुटून आदल्याच वर्षी खाली बसलेल्या मुंबईला त्या धक्क्यानं आणखी झोपवलं. हे पाहायला एलिझाबेथ नव्हती.

तिच्या चित्राची नोट मे २०१७ मध्ये चलनातून गेली. दुकानदार आता ती घेणार नाही. बँक ऑफ इंग्लंड मात्र आपली जुनी नोट कधीही आणली तरी तिचे पैसे देते, त्यामुळे माझ्या खणातल्या नोटेचे पाच पौंड अजून येणे आहेत. भाची पुन्हा लंडनला निघाली तेव्हा मी ती तिच्याकडे दिली नाही.