नाना शंकरशेट यांचा वाडा

मुंबई शहराच्या इतिहासांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचें नांव आदरानें घेतलें जातें. त्यांचा जन्म १८०३ सालचा. ऐन तारुण्यांत वडिलार्जित मोठी संपत्ति त्यांच्या हातीं आली. परंतु ती चैनींत न उधळतां त्यांनीं लोकहितार्थ वेंचली. एतद्देशीयांच्या शिक्षणासाठीं निघालेल्या संस्थेंत ते प्रथमपासून झटले.

त्यांची खरी कसोटी १८४९ सालीं लागली. मुंबईंत मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हां स्त्रीशिक्षण हें अनेकांस अनिष्ट वाटत होतें. नाना स्वतः धर्मनिष्ठ व समाजांत प्रतिष्ठित. लोकनिंदेचें भय त्यांनाच अधिक. तरीही त्यांनीं कन्याशाळेस आपल्या वाड्यांत जागा दिली.

पुढें १८५२ सालीं बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेंत त्यांनीं पुढाकार घेतला. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, तिच्यामागेंही त्यांचे परिश्रम होते. ३१ जुलै १८६५ रोजीं ते निवर्तले.

द्रव्य देणारे पुष्कळ आढळतात. स्वकीयांचा रोष पत्करून घराचें दार उघडणारा विरळा. पाटी-पुस्तक घेऊन शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलीनें, आणि तिला धाडणाऱ्या मातापितरांनीं, त्या उघड्या दाराचें स्मरण ठेवावें.