कोंबडीच्या पिशवीवरून लेकरांच्या आजाराचं मूळ शोधणारे डॉ. रॉबर्ट गुड

पोल्ट्री करणाऱ्या शेतकऱ्याला गंबोरो हा शब्द सांगावा लागत नाही. या रोगात पिल्लाच्या गुदद्वाराजवळची एक छोटी पिशवी आधी सुजते, मग झडते. वाचलेलं पिल्लूही पुढे कशालाही पटकन बळी पडतं. या पिशवीला फॅब्रिशियसची पिशवी म्हणतात. तिच्या अभ्यासाचा उपयोग माणसाच्या लेकरांसाठी करून घेणाऱ्यांत अमेरिकेचे डॉ. रॉबर्ट गुड आघाडीवर होते. २१ मे ही त्यांची जयंती.

गुड यांचा जन्म १९२२ साली मिनेसोटा राज्यातल्या क्रॉस्बी या छोट्या गावात झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक. रॉबर्ट पाच वर्षांचे असताना वडील कॅन्सरने गेले. आईने चार मुलगे वाढवले. शिकत असतानाच गुड यांना पोलिओसारखा आजार झाला आणि अंग लुळं पडलं. ते पुन्हा उभे राहिले, पण पायात थोडं लंगडेपण कायमचं राहिलं. तरी शिक्षण सोडलं नाही. १९४७ साली मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरकी आणि पीएच.डी. या दोन्ही पदव्या घेतल्या.

पुढे ते त्याच विद्यापीठात बालरोगतज्ज्ञ झाले. काही लेकरं जन्मल्यापासून सारखी आजारी पडायची. न्यूमोनिया बरा होतो न होतो तोच कान वाहायचा, मग पुन्हा ताप. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या लष्करी डॉक्टरने दाखवून दिलं होतं, की अशा एका मुलाच्या रक्तात रोगाशी लढणारं गॅमा ग्लोब्युलिनच नाही. त्यानंतर गुड यांच्याकडे एक प्रौढ रुग्ण आला. त्याच्याही रक्तात गॅमा ग्लोब्युलिन फार कमी होतं आणि छातीतल्या थायमस ग्रंथीला गाठ होती. थायमसला तेव्हा कुणी फारसं विचारत नसे. गुड यांना मात्र यात काहीतरी नातं दिसलं.

कोंबडीने वाट दाखवली
ब्रूस ग्लिक या कोंबडीच्या अभ्यासकाने पिल्लांची ती पिशवी काढून पाहिली होती. अशा कोंबड्यांच्या रक्तात रोगाविरुद्ध प्रतिपिंडं तयारच होत नव्हती. हा शोध १९५६ साली कुक्कुटपालनाच्या मासिकात छापला गेला, म्हणून बऱ्याच डॉक्टरांच्या नजरेतून सुटला. गुड आणि त्यांचे सहकारी मॅक्स कूपर यांनी हा धागा पुढे नेला. १९६५ च्या सुमारास त्यांनी दाखवलं, की शरीराच्या फौजेच्या दोन पलटणी आहेत. एक थायमसमध्ये तयार होते, दुसरी कोंबडीत त्या पिशवीत. माणसाला ही पिशवी नसते. त्याच्यात दुसऱ्या पलटणीच्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडातल्या मगजात तयार होतात. कुणाची एक पलटण गायब असते, तर काही लेकरांच्या दोन्ही.

बहिणीचा मगज भावाला
दोन्ही पलटणी नसलेलं लेकरू तेव्हा वर्ष-दोन वर्षांत जायचं. १९६८ साली असंच पाच महिन्यांचं बाळ गुड यांच्याकडे आलं. आईच्या नात्यातले कितीतरी मुलगे याच दुखण्याने तान्हेपणी गेले होते. हा दोष आईकडून मुलाला येतो. मुली बहुधा निरोगी राहतात, पण दोष पुढे नेऊ शकतात. गुड यांनी बाळाच्या मोठ्या बहिणीचा मगज तपासून बाळाला दिला. मध्येच प्रकृती बिघडली, तेव्हा पुन्हा एकदा त्याच बहिणीचा मगज दिला. पोर वाचलं, मोठं झालं. अशा आजारावर मगज बदलून मिळालेलं हे पहिलं मोठं यश मानलं जातं.

१९७० साली गुड यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे ते न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कॅन्सर संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. तिथे १९७४ साली त्यांच्या हाताखालच्या एका संशोधकाने उंदरावरची कातडी पेनने काळी करून प्रयोग यशस्वी झाल्याचं भासवलं. लबाडी गुड यांची नव्हती, पण देखरेख कमी पडल्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि नावाला धक्का बसला. तरी काम थांबलं नाही. शेवटची वर्षं ते फ्लोरिडात मुलांच्याच दवाखान्यात राबले. १३ जून २००३ रोजी, वडिलांसारखेच, कॅन्सरने गेले. वय ८१. मगज प्रत्यारोपणासाठीचं नोबेल १९९० साली डोनाल थॉमस यांना मिळालं; गुड यांच्या वाट्याला ते आलं नाही.

आपल्याकडे एकाच घरात लागोपाठ लेकरं दगावली, की नजर, करणी किंवा सुनेचा पायगुण यावर खापर फुटतं. वारंवार न्यूमोनिया, तोंडातला न जाणारा पांढरा थर, वजन न वाढणं आणि नात्यात आधी असेच मृत्यू, ही लक्षणं दिसली तर बालरोगतज्ज्ञांना घरातल्या जुन्या मृत्यूंबद्दलही सांगावं. अशा आजारांचं निदान मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत होतं.