ॲबिगेल ॲडम्स

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स हा प्रांत अठराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होता. या प्रांतातील वेमथ या लहानशा गावी इ. स. १७४४ मध्ये ॲबिगेलचा जन्म झाला. तिचे वडील विल्यम स्मिथ हे तेथील धर्मोपदेशक होते. त्या काळी मुलींच्या शिक्षणाकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. त्यातून ॲबिगेलची प्रकृती नाजूक. त्यामुळे शाळेचा उंबरठा तिने कधी ओलांडला नाही. परंतु वडिलांचा ग्रंथसंग्रह चांगला होता. त्यातील इतिहास, काव्य, धर्मशास्त्र यांवरील पुस्तके वाचून तिने आपले आपणच ज्ञान मिळविले. शाळा न लाभल्याची खंत मात्र तिला जन्मभर वाटत राहिली.

इ. स. १७६४ मध्ये जॉन ॲडम्स या तरुण वकिलाशी तिचा विवाह झाला आणि ती ब्रेनट्री या शेजारच्या गावी राहावयास आली. घर साधे होते. भोवती शेत होते. जॉनलाही वाचनाचे वेड असल्याने दोघांचे चांगले जुळले. पुढे त्यांना मुले झाली. त्यांपैकी एक मुलगी लहानपणीच दगावली. ॲबिगेल ही थोरली मुलगी, तिला घरी नॅबी म्हणत. आणि जॉन क्विन्सी, चार्ल्स व टॉमस हे तीन मुलगे, अशी चार भावंडे वाढू लागली.

या सुमारास इंग्लंडने लादलेल्या करांमुळे वसाहतींत असंतोष धुमसत होता. इ. स. १७७४ मध्ये वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फिया येथे जमले. त्यांत जॉन होता. तेव्हापासून पतिपत्नींच्या दीर्घ वियोगास आरंभ झाला. शेताची मशागत, गड्यांची मजुरी, मुलांचे शिक्षण हा सारा भार ॲबिगेलच्या शिरावर आला. दिवसाची कामे आटोपली म्हणजे ती पतीला पत्र लिहावयास बसे.

इ. स. १७७५ च्या एप्रिलमध्ये युद्धास तोंड लागले. ॲबिगेलच्या घरावरून सैनिकांच्या तुकड्या जात. कधी ते पाणी मागत, कधी रात्रीचा आसरा. घरातील कथलाचे चमचे वितळवून त्यांनी बंदुकीच्या गोळ्या ओतल्याची आठवण जॉन क्विन्सीने पुढे वृद्धपणी सांगितली. १७ जून रोजी बॉस्टनजवळ बंकर हिलची लढाई जुंपली. तोफांचे आवाज ऐकून ॲबिगेल सात वर्षांच्या जॉन क्विन्सीला घेऊन घराजवळच्या टेकडीवर चढली. दूरवर चार्ल्सटाउन गाव जळत होते. त्याच लढाईत डॉक्टर जोसेफ वॉरन हा या कुटुंबाचा स्नेही मारला गेला. जॉन क्विन्सीचे बोट मोडले होते, तेव्हा ते कापावे न लागता याच डॉक्टरने वाचविले होते. त्या वर्षीच्या शरद ऋतूत आमांशाची साथ पसरली आणि तिने ॲबिगेलच्या आईचा बळी घेतला.

इ. स. १७७६ च्या मार्चमध्ये इंग्रज फौज बॉस्टन सोडून गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस ॲबिगेलने पतीला एक पत्र लिहिले. नव्या राष्ट्राचे कायदे करताना स्त्रियांचा विसर पडू देऊ नये, पतींच्या हाती अमर्याद सत्ता ठेवू नये, असे तिने त्यात सुचविले होते. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीची मालमत्ता पतीची समजली जाई. जॉनने ही सूचना हसण्यावारी नेली. एवढ्या विचारी पुरुषाने असे करावे, याचे नवल वाटते!

फौज गेली, तरी बॉस्टनमध्ये देवीचा कहर सुरूच होता. देवीची लस त्या वेळी निघालेली नव्हती. जेन्नरचा शोध इ. स. १७९६ मधील. रोग्याच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या कातडीत चिरा पाडून घालावयाचा, एवढाच उपाय होता. असे केल्याने रोग बहुधा सौम्य येई. पण क्वचित प्राणावरही बेते. जॉन दूर फिलाडेल्फियास. ॲबिगेलने विचार केला आणि जुलैमध्ये चारही मुलांना घेऊन ती बॉस्टनला गेली. तिने स्वतःलाही टोचून घेतले. १८ जुलैला नगरभवनाच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, तो ऐकावयास ती गर्दीत उभी होती. घरी मात्र चिंता होती. नॅबीच्या अंगावर फोडांची गर्दी झाली. लहानग्या चार्ल्सला पुनःपुन्हा टोचूनही देवी येईनात, आणि आल्या तेव्हा इतक्या उग्र आल्या की तो तापाच्या भरात बरळू लागला. अखेर सारी मुले बरी झाली.

इ. स. १७७८ मध्ये जॉन वकील म्हणून फ्रान्सला गेला; दहा वर्षांच्या जॉन क्विन्सीला त्याने बरोबर नेले. इकडे कागदी चलनाची किंमत घसरत होती. तेव्हा ॲबिगेलने पतीकडून हातरुमाल, टाचण्या असा माल मागवून तो विकला आणि संसार चालविला. उरलेला पैसा जॉनच्या मते जमिनीत घालावयाचा. तिने सरकारी रोखे घेतले, आणि त्यांतच अधिक लाभ झाला.

इ. स. १७८४ मध्ये ती नॅबीसह समुद्र ओलांडून युरोपास गेली. घाणीने भरलेले जहाज तिने खलाशांकडून घासून घेतले. पुढील वर्षी लंडनमध्ये, ज्याच्याविरुद्ध युद्ध झाले त्याच राजा तिसऱ्या जॉर्जच्या दरबारी, अमेरिकन वकिलाची पत्नी म्हणून ती उभी राहिली.

जॉन इ. स. १७९७ मध्ये अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी ॲबिगेलने आपल्याकडील एका कृष्णवर्णी मुलाला रात्रीच्या शाळेत धाडले. एका शेजाऱ्याने हरकत घेतली, परंतु ती हटली नाही आणि मुलगा शाळेत शिकत राहिला. इ. स. १८०० च्या नोव्हेंबरात ती वॉशिंग्टनमधील अध्यक्षांच्या नव्या निवासस्थानी राहावयास गेली. बांधकाम अपुरे होते. तेथील मोठ्या दिवाणखान्यात ती धुतलेले कपडे वाळत घाली. त्याच महिन्याच्या शेवटी चार्ल्स मद्याच्या व्यसनापायी मरण पावला. देवीतून तिने वाचविलेला हा मुलगा तेव्हा अवघा तीस वर्षांचा होता.

इ. स. १८१६ मध्ये ॲबिगेलने मृत्युपत्र लिहिले. कायद्याने तिला तसा अधिकार नव्हता. तरीही आपण साठविलेल्या पैशाचा बहुतेक भाग तिने नाती, भाच्या आणि घरातील मोलकरणी यांना वाटून दिला. २८ ऑक्टोबर १८१८ रोजी विषमज्वराने तिचा अंत झाला. ते मृत्युपत्र रद्द करणे जॉनच्या हाती होते. त्याने ते अक्षरशः पाळले.