चुकण्याची मुभा देणारे उद्योगप्रमुख : विल्यम मॅकनाइट
(४ मार्च : स्मृतिदिन विशेष)

प्रस्थापित कंपनीतील कर्मचाऱ्याने उद्योजकासारखे धाडस दाखवावे, अशी अपेक्षा आज सर्वत्र व्यक्त होते. मात्र त्यासाठी वेळ किती द्यायचा आणि अपयश कोणी सोसायचे, या प्रश्नांना अमेरिकेतील थ्रीएम कंपनीचे प्रमुख विल्यम मॅकनाइट यांनी कित्येक दशकांपूर्वी उत्तर दिले होते.

साउथ डकोटातील शेतकरी कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेले मॅकनाइट १९०७ मध्ये सहायक हिशेबनीस म्हणून कंपनीत रुजू झाले. ज्या खनिजासाठी १९०२ मध्ये कंपनी स्थापन झाली, ते तिच्या खाणीत निघालेच नाही. सँडपेपर बनवून ती कशीबशी तग धरून होती. विक्रेत्यांनी कचेरीत न थांबता थेट कारागिरांपर्यंत जावे, असा आग्रह मॅकनाइट यांनी धरला. कारागिरांच्या अडचणींतूनच पुढे नवी उत्पादने जन्मली.

१९२० च्या दशकात रिचर्ड ड्रू हा तरुण तंत्रज्ञ मोटारींच्या रंगकामासाठी चिकटपट्टी तयार करण्याच्या मागे लागला. ते सोडून सँडपेपरच्या कामाकडे वळण्यास मॅकनाइट यांनी त्याला सांगितले. ड्रू थांबला नाही. हे ध्यानात येऊनही मॅकनाइट यांनी त्याला अडवले नाही. १९२५ मध्ये मास्किंग टेप आणि १९३० मध्ये पारदर्शक टेप साकारली. आपलाच आदेश चुकीचा होता, हा धडा त्यांनी कायमचा लक्षात ठेवला.

१९२९ मध्ये अध्यक्ष झालेल्या मॅकनाइट यांनी १९४८ मध्ये व्यवस्थापनाची सूत्रे मांडली. जबाबदारी खालपर्यंत सोपवावी. कर्मचाऱ्याच्या चुकीपेक्षा वरिष्ठांची हुकूमशाही अधिक घातक असते, हा त्यांचा गाभा होता. याच विचारातून तंत्रज्ञांनी १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरण्याची प्रथा रूढ झाली.

१९६६ मध्ये संचालक मंडळाच्या अध्यक्षपदावरून ते निवृत्त झाले आणि १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८० मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलेले पोस्ट-इट हे याच मोकळिकीचे फळ. पुढे कंपनीने एकूण विक्रीचा ठरावीक हिस्सा नव्या उत्पादनांतूनच यावा, असे उद्दिष्ट विभागांना घालून दिले. वेळेची मुभा कर्मचाऱ्याला आणि फलिताची जबाबदारी विभागाला, ही विभागणी नवोपक्रम राबवणाऱ्या कंपन्यांना आजही मार्गदर्शक ठरते.