150 मीटर म्हणजे किती सेकंद? संजय गांधींचं शेवटचं उड्डाण आणि कमी उंचीचं गणित

उजळाईवाडीच्या माळावर उभं राहून मोबाईलवर विमान ट्रॅक करणाऱ्या पोरांपैकी मीही एक. ॲपमध्ये 3,000 फूट दिसलं की वाटतं, विमान लई वर आहे. पण ॲपमधली उंची जमिनीपासूनची नसते, ती साधारण समुद्रसपाटीच्या हिशेबानं असते. आपला कोल्हापूरचा विमानतळच जवळपास 2,000 फुटांवर आहे. म्हणजे विमानाच्या पोटाखाली उरले फक्त 1,000 फूट, साधारण 300 मीटर.

प्रवासी विमान तेवढ्या उंचीवरून ठरलेल्या वाटेनं सरळ धावपट्टीवर येतं, त्यामुळे काळजी नसते. पण छोट्या विमानात बसून कुणी तेवढ्याच उंचीवर कोलांट्या मारायला लागला तर? हे समजून घ्यायला भारतातलं सगळ्यात माहितीचं उदाहरण म्हणजे संजय गांधी. आपल्या पिढीला त्यांचं नाव राजकारणामुळे माहीत आहे. मी आज त्यांच्याकडे मशीनच्या बाजूनं बघणार आहे.

गाड्यांचा नाद

संजय गांधींचा जन्म 14 डिसेंबर 1946 चा. आजोबा जवाहरलाल नेहरू देशाचे पहिले पंतप्रधान, आई इंदिरा गांधी पुढे पंतप्रधान. डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये शिकले, पण पुस्तकांपेक्षा ओढ इंजिनाची. कॉलेजची डिग्री न घेता ते इंग्लंडमध्ये क्रू इथल्या रोल्स-रॉइसच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून गेले.

परत आल्यावर भारतात स्वस्त, छोटी गाडी बनवायचं त्यांनी मनावर घेतलं. 1971 मध्ये मारुती कंपनी सुरू झाली. घोषणा मोठ्या झाल्या, जमीन मिळाली, पण गाडी काही लोकांच्या दारात पोचली नाही. आज आपण ज्याला मारुती म्हणतो ती सरकारनं 1981 मध्ये नव्यानं उभी केलेली आणि सुझुकीच्या तंत्रज्ञानावर चाललेली कंपनी. तिची पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली. तोपर्यंत संजय गांधी हयात नव्हते.

1975 ते 1977 च्या आणीबाणीत कोणतंही सरकारी पद नसताना त्यांचा शब्द दिल्लीत चालत होता. सक्तीच्या नसबंदीमुळे आणि पाडलेल्या वस्त्यांमुळे त्यांचं नाव लोकांना धाक वाटावा असं झालं. 1977 मध्ये अमेठीत ते हरले. जानेवारी 1980 मध्ये तिथूनच जिंकले, इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या, आणि संजय काँग्रेसचे सरचिटणीस झाले. मार्चमध्ये मुलगा झाला. वय 33.

या सगळ्यात विमानाचा नाद सुटला नव्हता. थोरले भाऊ राजीव इंडियन एअरलाइन्समध्ये पायलट होते. संजय यांच्याकडेही लायसन्स होतं, आणि त्यांना आवड होती ती हवाई कसरतींची.

23 जून 1980

त्या सकाळी दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून त्यांनी पिट्स एस-2ए हे विमान उडवलं. सोबत दिल्ली फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षक कॅप्टन सुभाष सक्सेना होते. पिट्स म्हणजे दोन माणसांचं, एकावर एक दोन पंख असलेलं छोटं विमान. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम 6 मीटर, इंजिन 200 हॉर्सपॉवरचं. अमेरिकेच्या कर्टिस पिट्स यांनी ते कसरतींसाठीच बनवलं. हाताला अगदी हलकं, स्टिक जराशी हलवली की लगेच वळणारं. यात चूकही तेवढ्याच झटकन होते. संजय यांच्यासाठी हे विमान नवंच होतं.

शहरावर कमी उंचीवर कसरती करताना विमान ताब्यातून गेलं आणि चाणक्यपुरी भागात कोसळलं. दोघंही जागीच गेले.

उंची म्हणजे वेळ

आता गणित बघू. विमानाचा वेग कमी झाला म्हणजेच ते पडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरी गोष्ट आहे कोनाची. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन साधारण 15 अंशांच्या पुढे गेला, की हवा पंखाची वरची बाजू सोडते आणि विमानाला वर उचलणारा जोर एकदम घटतो. याला स्टॉल म्हणतात. इंजिन जोरात चालू असतानाही स्टॉल होतो.

वळताना धोका वाढतो. विमान 60 अंश कललेलं ठेवून उंची न सोडता वळलं, तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग सुमारे 41 टक्के वाढतो. सरळ उडताना 100 च्या वेगाला होणारा स्टॉल आता 141 लाच होतो.

स्टॉलमधून बाहेर यायची रीत प्रत्येक पायलटला शिकवतात: नाक खाली करा, वेग येऊ द्या, मग हळूहळू वर घ्या. यात उंची खर्च होते. जमीन जवळ असेल तर नाक खाली करायला मन धजत नाही. हात आपोआप स्टिक मागे ओढतो, कोन आणखी वाढतो, आणि स्टॉल पक्का होतो.

आता कोलांटी, म्हणजे लूप. समजा विमान ताशी 250 किलोमीटरनं सरळ खाली येतंय आणि पायलट 4 जी इतका जोर लावून ते सरळ करतोय. माझ्या ढोबळ हिशेबानं त्यालाच सुमारे 150 मीटर लागतात. त्या वेगाला एका सेकंदात 70 मीटर जातात. ओढायला एक सेकंद उशीर झाला, तर लागणारी उंची 220 मीटर. 150 मीटरच हातात असतील, तर जमीन दोन सेकंदांपेक्षा थोड्याच जास्त वेळात येते. मोबाईलचं लॉक उघडायलाही तेवढा वेळ जातो.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, की दाट वस्तीवरून जाताना 600 मीटरच्या परिघातल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा किमान 300 मीटर वर राहा, आणि इतर ठिकाणी जमिनीपासून किमान 150 मीटर. आपल्याकडे उसाच्या रानातून गेलेल्या विजेच्या तारा बघा. खाली उभं राहिल्यावर दिसतात, पण वरून तार जवळजवळ दिसतच नाही, दिसतो तो फक्त खांब.

कौशल्य पुरत नाही

कुणी म्हणेल, संजय हौशी होते. पण दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेले भारतीय हवाई दलाचे करुण कृष्ण मजुमदार फेब्रुवारी 1945 मध्ये लाहोरला हरिकेन विमानाच्या कसरती करतानाच गेले. आणि संजय यांच्या विमानातही अनुभवी प्रशिक्षक होताच. उंची नसेल तर चूक ओळखूनही दुरुस्त करायला जागा उरत नाही.

मला राहून राहून वाटतं ते दुसरंच. ज्याच्यापुढे सगळी दिल्ली मान तुकवत होती, त्याला त्या सकाळी कुणी आणखी 500 मीटर वर जा म्हणून सांगू शकलं असतं का? मला माहीत नाही. पण विमान उडवणाऱ्याला असं सांगायची सोय असलीच पाहिजे, एवढं कळतं.

आपल्यातले बरेच जण आता ड्रोन उडवतात. ड्रोनला हिरव्या झोनमध्ये 120 मीटरपर्यंतच मुभा आहे, आणि विमानं बहुतेक वेळा 150 मीटरच्या वर असतात. मधले 30 मीटर दोघांनाही वाचवतात. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये ही मर्यादा 60 मीटर होते, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचंच नाही. तेव्हा भावांनो, कोल्हापुरात ड्रोन बाहेर काढण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा उघडा, आणि आपण उजळाईवाडीपासून किती लांब आहोत ते आधी बघा.